आळीतली शाळा कोणाची?



न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. पुढे महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांनी तिचा कित्ता गिरवला, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी कामधाम आटोपून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायला जमण्याची चाल आपल्याकडे रुजली. ह्या व्यासपीठांवरून राष्ट्राच्या आणि जगाच्या उलाढालींची चर्चा होते, ती व्हावीही. आज आम्ही मात्र हाताच्या अंतरावरचा एक विषय घेऊन उभे आहोत. आपल्या वॉर्डातली नगरपालिकेची प्राथमिक शाळा, हा तो विषय. अशा व्याख्यानमाला पुष्कळदा शाळेच्याच पटांगणात भरतात. पण सकाळी त्या पटांगणात कोणाची मुले प्रार्थनेला उभी राहतात, याची विचारपूस आपण क्वचितच करतो.

आमचा प्रश्न साधा आहे. ही शाळा कोणाची? आळीतल्या सगळ्यांची, की ज्यांना दुसरीकडे जाण्याची ऐपत नाही त्यांचीच?

ह्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली, ती दूर रानात नव्हे तर भर वस्तीत. शाळा माणसांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर हवी, हे त्या जोडप्याने ओळखले होते. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन सादर केले आणि प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शेतकरी सारा भरतो आणि त्या पैशातून शिक्षण मात्र वरच्या वर्गाच्या मुलांना मिळते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. नामदार गोखल्यांनी १९११ साली कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे बिल मांडले. १९१२ साली ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. सरकारी सभासदांइतकेच काही हिंदी धनिकही त्या वेळी बिलाच्या विरुद्ध होते, हे विसरू नये.

ब्रिटिश मुलखात जे जमले नाही ते कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी करून दाखवले. १९१७ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्याहून मोलाची गोष्ट १९१९ सालची. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी चालणाऱ्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घ्यावीत, असा हुकूम त्यांनी काढला. आमच्या विषयाचे बीज ह्या हुकमात आहे. मुलाला शाळा मिळणे ही एक गोष्ट, आणि इतरांच्या मांडीला मांडी लावून बसायला मिळणे ही दुसरी. महाराजांना पहिलीवर समाधान नव्हते. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली कायदा झाला आणि आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. नगरपालिकेची शाळा जी आपण पाहतो, तिच्या मागे ही सगळी पुण्याई उभी आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्याचे सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचे. १९६६ च्या अहवालात ह्या आयोगाने परिसरशाळेची कल्पना मांडली. एका परिसरातली सगळी मुले, जात, धर्म, पैसा काही न पाहता, त्या परिसरातल्या एकाच शाळेत जातील. वीस वर्षांत हे साधावे, असे आयोगाने म्हटले होते. ह्यात गरिबाचे हित आहेच, पण श्रीमंताच्या मुलाचेही आहे. कारण सामान्य माणसांच्या जीवनापासून तुटलेले शिक्षण हे अपुरे शिक्षण होय, असा त्या विचाराचा रोख होता. ती वीस वर्षे १९८६ साली संपली. त्यालाही आता पुष्कळ काळ लोटला.

मग काय झाले? कोणी कट केला नाही. एकेक कुटुंब हळूहळू निघून गेले. आधी डॉक्टर-वकिलांची मुले गेली, मग कारकुनांची, मग दुकानदारांची, आणि पुढे पुढे तर खुद्द नगरपालिकेच्या गुरुजींची. प्रत्येकाचे कारण त्याच्यापुरते खरे होते. कोणाला इंग्रजी हवे होते, कोणाला बसची सोय, तर कोणाला फक्त चार जणांत मिरवण्यासारखे नाव. पण जाताना प्रत्येकाने मुलाबरोबर आणखी एक वस्तू नेली, ती म्हणजे शाळेसाठी भांडणारा पालक. नळ बंद पडला तर नगरसेवकाच्या दारात जाऊन बसणारा, शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर अर्ज लिहिणारा, असा माणूस शाळेच्या पटावरून गेला. जे राहिले त्यांची रोजी बुडते, त्यांना कचेरीतला साहेब उभे करीत नाही. मग नळ बंदच राहतो, आणि तो बंद नळ पाहून पुढचे कुटुंब निघून जाते.

पट घसरला की तुकडी बंद होते, मग शाळा दूरच्या दुसऱ्या शाळेत मिळवली जाते. कागदावर हा हिशेब चोख दिसतो. पण सहा वर्षांच्या मुलीला आता मोठा रस्ता ओलांडावा लागतो. तिची आई पहाटे कामावर गेलेली असते, आणि धाकट्या भावाला सोबत नेणे जमत नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात आणि एक दिवस नावच उरत नाही. आमच्या दृष्टीने पणाला लागले आहे ते हे.

कायदा आता तिच्या बाजूने आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. पाचवीपर्यंतच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा मिळावी, ६० मुलांपर्यंत निदान दोन शिक्षक असावेत, प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापांची परीक्षा घेऊ नये, जन्माचा दाखला नाही म्हणून कोणाला परत पाठवू नये, असे त्यात आहे. खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या निदान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांना द्याव्यात, असेही आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्याने नियम बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल, तर खाजगी शाळेला ह्या २५ टक्क्यांतून सूट मिळणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. हा प्रसंग नीट विचार करण्याजोगा आहे. सरकारी शाळा जवळ आहे, तेव्हा गरिबाच्या मुलाने तिकडेच जावे, असा परिसरशाळेचा अर्थ लावणे म्हणजे नाईक-कोठारींची कल्पना उलटी टांगणे होय. परिसरशाळेत परिसर सगळा यायला हवा.

आता अशी शाळा आतून कशी असते ते पाहू. ‘समावेशक’ हा शब्द अलीकडे फार ऐकू येतो. आम्ही त्याची परीक्षा चार ठिकाणी करतो.

पहिली जागा पंगतीची. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. आरंभी मुलांना महिन्याकाठी धान्य घरी दिले जाई; २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला. धान्य घरी नेणे आणि ताटात खिचडी घेऊन ओळीत बसणे, ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. धान्याने पोट भरते. पंगतीने शेजारी कोण बसला आहे ह्याची भीड मोडते. कोणी रांधले, कोणी वाढले आणि कोण कोणाशेजारी बसले, ह्या तीन प्रश्नांवर आपल्या समाजात पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली. त्यांचे उत्तर प्राथमिक शाळेच्या ओसरीवर रोज दुपारी दिले जाते, तेही भाषणाशिवाय.

दुसरी जागा भाषेची. मुंबई महानगरपालिकेने मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ माध्यमांतून शाळा चालवल्या. पोटासाठी आलेल्या माणसाच्या लेकरालाही आपल्या भाषेत अक्षर गिरवता यावे, ही ह्या शहराची थोरवी आहे. पण मराठी माध्यमातही सगळी मुले मराठीच बोलत येतात असे नाही. कोणाच्या घरी गोरबोली, कोणाच्या घरी कैकाडी, कोणाच्या घरी वडारी. पहिलीत ते मूल गप्प बसते आणि आपण त्याला मंद म्हणतो. मंद ते नसते. वर्गाची भाषा त्याला अजून उमगलेली नसते. शहाण्या बाई पहिल्या महिन्यात त्या मुलाकडूनच त्याच्या घरचे दहा-वीस शब्द शिकून घेतात आणि फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहितात. मूल बोलू लागते. शिवाय इतर मुलांना कळते की आपल्या आळीत आणखी एक भाषा नांदते.

तिसरी जागा अपंग मुलाची. १९९५ साली आणि नंतर अधिक व्यापकपणे २०१६ साली अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. ज्याचे अपंगत्व कायद्याने ठरवलेल्या प्रमाणाइतके आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला परिसरातल्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क त्याने दिला. शाळेला उतरण बांधून मिळते, आणि आपण हुश्श म्हणतो. पण उतरणीच्या तोंडाशी सायकली लावलेल्या असतात, आणि संडासाचे दार कुबडी घेऊन आत जाण्याइतके रुंद नसते. मुलाला कमी ऐकू येत असेल तर पुढच्या बाकावर बसवणे आणि शिक्षकाने फळ्याकडे तोंड करून न बोलणे, ह्याला दिडकीचाही खर्च नाही. समावेशाचा अर्धा भाग अशा बिनपैशांच्या गोष्टींचा आहे. उरलेल्या अर्ध्याला मात्र पैसा आणि विशेष शिक्षक लागतात, आणि ते मागितल्यावाचून येत नाहीत.

चौथी जागा फिरस्त्या मुलाची. शहरात इमारत उभी राहते तेव्हा तिच्या पायाशी पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहतात. तिथले मूल जूनमध्ये येत नाही. ते ऑक्टोबरात येते आणि फेब्रुवारीत निघून जाते. कायदा सांगतो की त्याला वयानुसार वर्गात घ्यावे आणि मागे पडलेले खास शिकवणीने भरून काढावे. पण मूल आपल्या पायांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत येत नाही. कोणीतरी त्याचे बोट धरावे लागते, आणि ते बोट धरायला त्या नव्या इमारतीच्या शेजारी राहणारा माणूसच जवळचा असतो.

ह्यावर आक्षेप घेतले जातात. त्यांतला पहिला असा, की तिथे शिकवतात तरी काय? हा आक्षेप आम्ही उडवून लावीत नाही. पुष्कळ ठिकाणी चौथीच्या मुलाला दुसरीचे वाचन जड जाते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण खाजगी शाळेतली चांगली इंग्रजी आणि चांगले गणित ह्यांतला किती भाग शाळेचा आणि किती भाग घरच्या शिकलेल्या आईचा व संध्याकाळच्या शिकवणीचा, हे ज्याने त्याने मनाशी तपासावे. दुसरा आक्षेप संगतीचा. मूल शिव्या शिकेल, अशी भीती वाटते. शिव्या शिकण्यासाठी मुलाला नगरपालिकेच्या शाळेत घालावे लागत नाही, हा अनुभव श्रोत्यांनाही असावा. तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे: आमच्या एकट्याच्या मुलाने काय फरक पडणार? एकट्याने खरोखरच फारसा पडत नाही. २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळांत घालावीत असा आदेश दिला, त्याची देशभर चर्चा झाली. पण हुकमाने आपुलकी येत नाही. गाव करी ते राव न करी. एका इमारतीतल्या पाचसात कुटुंबांनी मिळून ठरवले, तर तुकडीचा नूर पालटतो.

आपले मूल कुठे घालावे हे ह्या व्यासपीठावरून सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही. पण मूल दुसरीकडे घातले म्हणून शाळेशी नाते तुटत नाही. घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराची ओळ असते, ती आपण दरसाल भरतो. तेव्हा तीन गोष्टी आम्ही सुचवतो.

एक, शाळा व्यवस्थापन समितीकडे लक्ष द्या. कायद्याने तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा करण्याचे काम तिचे आहे. पुष्कळ ठिकाणी हे काम नुसत्या सह्यांवर चालते. धुणीभांडी करणाऱ्या सभासद बाईला सभेसाठी दोन तास मोकळे देणे आणि ठराव वाचून दाखवणे, एवढे तर तिच्या मालकिणीला करता येईल.

दोन, वेळ द्या. निवृत्त मंडळींनी आठवड्यातून दोन दिवस दोन मुलांना जवळ बसवून मोठ्याने वाचायला लावावे. वर्गात चाळीस मुले असताना शिक्षकाला जे जमत नाही, ते आजोबांना सहज जमते.

तीन, जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी आपापल्या गल्लीत एक फेरी मारा आणि सहा वर्षे पुरी झालेले कोणते मूल अजून घरी आहे ते पाहा. शाळेत नाव घालायला दाखला लागत नाही, हे त्याच्या आईबापांना सांगा. आणि सांगून थांबू नका, बरोबर जा.

श्रोतेहो, आपल्या शहरात देवळे आहेत, मशिदी आहेत, सभागृहे आणि क्लबही आहेत. आणि प्रत्येकाचे दार कोणाला तरी कमीअधिक उघडते. जिचे दार कायद्याने प्रत्येक मुलाला सारखे उघडे आहे अशी प्राथमिक शाळा आपल्या वॉर्डात आहे. ती रिकामी पडली तर तिची जागा घेणारे दुसरे काही आपल्यापाशी नाही. तेव्हा ह्या जूनमध्ये पहिली घंटा होईल त्या दिवशी, कामावर जाता जाता पाच मिनिटे, तिच्या फाटकातून आत डोकावावे, एवढी विनंती आहे.