सुटकेनंतरची वाट



महोत्सवाच्या मंगल प्रसंगी हा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु दानधर्म करणाऱ्या संस्थेने याकडे पाठ फिरवावी, हे मला बरे वाटत नाही.

आपल्या हैदराबादेत 'मेहबूब की मेहंदी' नावाची कलावंतिणींची जुनी वस्ती होती. १९९६ साली ती उठविण्यात आली आणि तेथील बायका उघड्यावर पडल्या. श्रीमती सुनीता कृष्णन् व ब्रदर जोस वेट्टिकाटिल यांनी त्या रिकाम्या झालेल्या जागेतच त्यांच्या मुलांसाठी शाळा काढली. 'प्रज्वला' संस्थेचा आरंभ तो.

मुलींच्या सुटकेची बातमी वाचून आपण म्हणतो, सुटल्या बिचाऱ्या! खरी कसोटी तेथून पुढे लागते. जबानी, वैद्यकीय तपासणी, मग तारखांमागून तारखा. दरम्यान जामिनावर सुटलेला दलाल तिच्या आईबापांकडे निरोप धाडतो, कधी पैशाचा, कधी धमकीचा. पुष्कळदा विकणारा नात्यातलाच असतो. मग तिने साक्ष द्यावी तरी कोणाच्या बळावर? आणि ती फिरली, की खटला ढासळला.

कुंटणखान्याच्या मालकिणीचा वकील तोच मुलींचाही वकील, असा प्रकार चालत असे! मुंबईची 'प्रेरणा' संस्था उच्च न्यायालयात गेली. २००२ साली न्यायालयाने अशा वकिलांना मज्जाव केला, आणि सोडविलेल्या अल्पवयीन मुलीला गुन्हेगार न मानता बालकल्याण समितीपुढे न्यावे असे सांगितले. २००४ साली 'साक्षी' संस्थेच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अत्याचाराच्या खटल्यात पीडितेला आरोपीचे तोंड दिसू नये म्हणून पडदा असावा, उलटतपासणीतील लाजिरवाणे प्रश्न न्यायाधीशांकडे लेखी द्यावेत, आणि साक्ष देताना तिला मधूनमधून विसावा मिळावा. आपल्या शहरात पोलिसांनी २०१६ साली 'भरोसा' केंद्र उघडले. तेथे जबानी, तपासणी, कायद्याचा सल्ला ही कामे एका छपराखाली होतात.

एवढे असूनही कोर्टाच्या व्हरांड्यात ती एकटीच बसलेली असते. मराठवाडा १९५६ पर्यंत याच राज्यात होता. नांदेडकडची गाडी आजही येथे येते, आणि त्या गाडीने कोणाकोणाला आणले जाते हे सांगायला नको. मराठीखेरीज भाषा न येणारी मुलगी दुभाष्याच्या तोंडून आपले दुःख सांगते. दुभाषा घाईत असला, तर अर्धे दुःख कागदावर येतच नाही.

भरपाईची तरतूद कायद्यात २००९ पासून आहे. पण अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करावा लागतो, आणि निरक्षर मुलीला तो लिहून कोण देणार?

म्हणून माझी मागणी लहान आहे. तेलुगू-मराठी दोन्ही उत्तम येणाऱ्या चार भगिनी आणि निवृत्त वकील एक-दोन हवेत. सरकारी वकिलांना विचारून, कोर्टाच्या अनुमतीने तारखेला तिच्याबरोबर जावे, गाडीभाडे व बुडालेली मजुरी न्यासाने द्यावी. तिला काही विचारू नये, तिचे नाव घरी येऊनही उच्चारू नये. ज्यांना येणे शक्य असेल, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणिसांकडे नाव नोंदवावे. ते वही घेऊन दाराशीच बसले आहेत.