दुसऱ्यांदा खेळलेली मोहीम



कामगार चळवळीतल्या माणसाने व्हिडिओ गेमवर व्याख्यान द्यावे, याचे आपल्यापैकी कित्येकांना हसू आले असेल. खुशाल हसावे. परंतु ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीने १९९८ साली काढलेला ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ मी दोनदा खेळलो आहे, आणि दुसऱ्या खेपेस जे दिसले ते आपल्यापुढे ठेवण्याजोगे आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. बुद्धिबळात आपण चाल करीपर्यंत प्रतिपक्ष थांबतो. येथे कोणी कोणासाठी थांबत नाही. दूरच्या ग्रहांवर गेलेली माणसे, झर्ग नावाचे किड्यांसारखे जीव आणि प्रोटॉस नावाचे पुढारलेले परग्रहवासी, असे तीन पक्ष. प्रत्येक पक्षाच्या दहा-दहा लढाया. आणि तिघांचाही पाया एकच, तो म्हणजे मजूर. माणसांच्या बाजूला त्याला ‘एससीव्ही’ म्हणतात. एका खेपेला तो ८ खनिजे आणतो, इमारती उभारतो, मोडलेले रणगाडे सांधतो. त्याची किंमत ५० खनिजे. बंदूकवाल्या शिपायाचीही तेवढीच. मात्र मार सोसण्याची ताकद मजुराची ६० आणि शिपायाची ४०! हा हिशेब ज्याने बसविला त्याने कारखाना जवळून पाहिलेला असावा. झर्गांचा मजूर तर इमारत बांधता बांधता स्वतःच इमारत होऊन जातो, माघारी येत नाही. गिरण्यांच्या गावात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना याचा अर्थ फोडून सांगायला नको.

पहिल्या वेळी मी तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत खेळलो. शाळा सातवीत सुटलेली. दोन लढायांच्या मधली इंग्रजी बोलणी डोक्यावरून जात. जिंकलो की पुढे, एवढेच कळे. २०१७ साली कंपनीने हा जुना खेळ फुकट दिला, तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन पुन्हा आरंभ केला.

पहिल्या भागात आपण मार सारा ग्रहाचे मॅजिस्ट्रेट असतो. जुलमी सरकारविरुद्ध आर्कटरस मेंगस्क नावाचा पुढारी बंड करून उठला आहे. त्याची वाणी गोड, आणि सरकारने त्याच्या मुलखाची केलेली राखरांगोळीही खरी. जिम रेनर आणि सारा केरिगन हे त्याचे बिनीचे शिलेदार. सातव्या लढाईत झर्गांना हाक घालून बोलावणारे एक यंत्र सरकारी तळावर नेऊन ठेवायचे असते. शत्रूवरच तर सोडायचे, म्हणून आपण ठेवतो. पुढे राजधानीच्या टार्सोनिस ग्रहावर मेंगस्क तेच यंत्र सुरू करवितो, रेनर-केरिगनला न विचारता. नागरिकांनी भरलेला ग्रह! शब्दकोश मिटून मी तेथे बराच वेळ थांबलो. सर्वसाधारण सभा न बोलावता निर्णय झाला, की पुढचे मला वाचून दाखवावे लागत नाही. लढा ऐन भरात असताना बंद दाराआड तडजोड करून आलेला एक पुढारी मी पाहिला आहे. फाटकावर बसलेल्यांना ते दुसऱ्या दिवशी कळले.

नवव्या लढाईत झर्गांवर चालून आलेल्या प्रोटॉसांना अडविण्यासाठी मेंगस्क केरिगनला पाठवितो. आपण प्रोटॉसांचा तळ मोडतो, लढाई जिंकतो. लागलीच चोहोंकडून झर्ग येतात, ती सुटकेसाठी जहाजे मागते, आणि मेंगस्क आरमार घेऊन निघून जातो. दुसऱ्या खेपेस हे सारे ठाऊक असते. तरीही जिंकल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही, आणि जिंकले की तिचा घात होतो. नकार देण्यासाठी तेथे एकही बटण नाही. मॅजिस्ट्रेटच्या तोंडी तर सबंध खेळात एक शब्द नाही. रेनर बंड करून निघतो, मेंगस्क सम्राट होतो.

जाता जाता सांगतो, याच ब्लिझर्ड कंपनीतल्या दुसऱ्या एका खेळावर काम करणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांनी जुलै २०२४ मध्ये युनियन केली. बातमी वाचून मी आमच्या कचेरीत चहा सांगितला होता.

दुसरा भाग झर्गांच्या बाजूचा. आता आपण एका कोशाचे राखणदार असतो. पहिल्या खेपेस तो मला नुसता सांभाळण्याचा जिन्नस वाटला होता. या वेळी आत कोण आहे ते ठाऊक होते. चौथ्या लढाईत रेनर तिला शोधीत येतो, ज्याच्या खांद्याला खांदा लावून आपण लढलो तोच. त्याच्या माणसांना परतविण्याचे काम आपल्याकडे. मी ते केले. कोश फुटतो, केरिगन झर्ग होऊन बाहेर येते, आणि रेनरला जिवंत जाऊ देते.