आईस्क्रीमच्या कारखान्यातली माणसं

नोकरी लागली की लोक विचारतात, पगार किती, सुट्ट्या किती, कँटीन कसं आहे. अमेरिकेत व्हरमाँट नावाचं एक लहानसं डोंगराळ राज्य आहे. तिथल्या एका कारखान्यात काम करणाऱ्याला आणखी एक प्रश्न हमखास विचारला जातो, 'खरंच रोज तीन डबे देतात का हो?' देतात. कामाच्या दर दिवसाला तीन पाइंट आईस्क्रीम, घरी न्यायला, फुकट. एक पाइंट म्हणजे 473 मिलिलिटर, तेव्हा हे रोजचं जवळजवळ दीड लिटर झालं. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा, मी तो अर्ध्यावर सोडला. कंपनी कर्मचाऱ्यांना व्यायामशाळेची सोयही करून देते, हे ऐकलं तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

हा कारखाना बेन अँड जेरीज या कंपनीचा, वॉटरबरी गावातला. 1985 मध्ये तो सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांनी लोकांना आत येऊन बघायची मुभा दिली. आज व्हरमाँटमध्ये पर्यटक ज्या ठिकाणांना सर्वांत जास्त गर्दी करतात, त्यांत हा कारखाना अगदी वरच्या रांगेत आहे. आता मला सांगा, कारखान्यात बघण्यासारखं असतं काय? पोलादी टाक्या, नळ, पट्ट्यावरून सरकणारे डबे आणि डोक्याला जाळी बांधलेली माणसं. आईस्क्रीम होताना बघणं ही मुळात फारशी रोमांचक गोष्ट नाही. दूध, साय, साखर आणि अंड्याचा बलक एकत्र करायचा, तापवायचा, घोटायचा, थंड करून मुरू द्यायचा. मग थंडगार नळकांड्यात घालून कडेला जमणारा बर्फाचा थर पात्याने सतत खरवडत राहायचा. आपल्याकडे मे महिन्याच्या सुट्टीत खडेमीठ आणि बर्फ भरून पॉट फिरवलेलं ज्यांना आठवत असेल, त्यांना यात नवं काही नाही. फरक इतकाच की तिथे हँडलवर मामा बसत नाही, मोटर असते. शेवटी भरलेले डबे शून्याखाली तीस-चाळीस अंशांच्या बोगद्यातून फिरून दगडासारखे कडक होऊन बाहेर पडतात.

आणि हे सारं पाहुण्यांना दिसतं ते वरच्या सज्जातून, काचेआडून. फोटो काढायला मनाई. रविवारी किंवा सणाच्या दिवशी गेलात तर यंत्रंसुद्धा बंद, मग पडद्यावर चित्रफीत बघायची. तरीही बाहेर पडताना लोक खूष असतात. का? तर त्या अर्ध्या तासात त्यांना सोबत करणारा गाईड. माझ्या मते या कारखान्यात आईस्क्रीमच्या बरोबरीने आणखी एक माल रोज तयार होतो, आणि तो म्हणजे हसतमुखपणा. तो करणारी माणसं काचेच्या अलीकडे उभी असतात.

दौऱ्याचा क्रम ठरलेला. आधी एका छोट्या थिएटरात कंपनीच्या इतिहासाचा लहानसा चित्रपट. मग सज्जा. मग शेवटची खोली, जिथे त्या दिवशीचा स्वाद चाखायला मिळतो. एक तुकडी बाहेर पडते तोवर दुसरी दारात. गायीवरचे, दुधावरचे, थंडीवरचे तेच विनोद. सकाळी दहाला केलेला विनोद दुपारी चारला पुन्हा करायचा आणि तोही आत्ताच सुचल्यासारखा. कीर्तनकाराला हे बरोबर कळेल. आख्यान तेच, दृष्टान्त तेच, पण समोरचा श्रोता आज पहिल्यांदा बसलेला असतो. शरद ऋतूत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, व्हरमाँटच्या मेपलची पानं लाल-केशरी होतात आणि ती बघायला निघालेल्या बसगाड्या वॉटरबरीत थांबतात. त्या दिवसांत गाईडच्या घशाचं काय होत असेल, कोण जाणे.

गाईडला सांगायला मिळते ती गोष्ट मात्र खरोखर सांगण्यासारखी आहे. बेन कोहेन आणि जेरी ग्रीनफिल्ड हे शाळेतले मित्र. दोघेही जाडगेले, दोघेही धावण्यात मागे, आणि मैत्री झाली ती शाळेच्या मैदानावर सर्वांत मागे राहून. मोठेपणी दोघांना धंदा करायचा होता. बेगल नावाचे पाव विकायचा विचार होता, पण त्याची यंत्रसामग्री महाग निघाली, म्हणून आईस्क्रीम. पेन स्टेट विद्यापीठाचा पाच डॉलरचा पत्राद्वारे शिकायचा अभ्यासक्रम त्यांनी घेतला आणि मे 1978 मध्ये बर्लिंग्टन शहरातल्या एका जुन्या पेट्रोल पंपाच्या इमारतीत दुकान थाटलं. जिथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असतो तिथे आईस्क्रीमचं दुकान! हिवाळ्यात गिऱ्हाईक यावं म्हणून त्यांनी एक योजना काढली. तापमान शून्याखाली जितके अंश सेल्सियस, तितके सेंट सूट. थंडी जितकी बोचरी तितकं आईस्क्रीम स्वस्त. दुकानाच्या पहिल्या वाढदिवसाला, 1979 मध्ये, येईल त्याला फुकट कोन दिला. ही प्रथा पुढे चालू राहिली.

यातला माझा आवडता तपशील बेनच्या नाकाचा. त्याला वास जवळजवळ येत नाही आणि वास नसला की चवही अर्धी जाते. म्हणून तो आईस्क्रीम ओळखायचा ते दातांनी आणि टाळूने. काहीतरी चावायला मिळालं पाहिजे, हा त्याचा आग्रह. जेरी म्हणे, तुकडे लहान आणि भरपूर असावेत. बेन म्हणे, मोठेच हवेत. तोडगा निघाला तो मोठे आणि तेही भरपूर. या एका माणसाच्या नाकापायी कारखान्यातल्या किती जणांना घाम फुटला असेल! कारण मऊ आईस्क्रीम नळीतून सहज जातं, बदामाची नि चॉकलेटची ढेकळं तशी जात नाहीत. एखाद्या डब्यात सगळे तुकडे आणि पुढच्या डब्यात एकही नाही, असं होऊ नये म्हणून गुणवत्ता तपासणारे लोक डबा उभा चिरून दोन फाका करतात आणि आत तुकडे कसे पसरलेत ते डोळ्यांनी बघतात. कुकीचं कच्चं पीठ घातलेलं आईस्क्रीम हे आज जगभर चालतं. ती कल्पना कुणा निनावी गिऱ्हाइकाची. 1984 मध्ये बर्लिंग्टनच्या दुकानात ते हाताने कालवून विकलं गेलं, पण डब्यात यायला 1991 उजाडलं. मधली वर्षं गेली ती चिकट पीठ यंत्राच्या गळ्याखाली कसं उतरवायचं या विवंचनेत. अखेर गावातल्याच ऱ्हाइनो फूड्स या कंपनीने पिठाच्या गोठवलेल्या गोळ्या करून दिल्या.

आता थोडं हाताच्या कामाबद्दल. आईस्क्रीममध्ये हवा असते हे आपण विसरतो. अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे एक गॅलन आईस्क्रीमचं वजन निदान साडेचार पौंड भरलं पाहिजे. या किमान वजनाला चिकटून राहणाऱ्या स्वस्त मालात निम्मी हवा असू शकते. वॉटरबरीच्या आईस्क्रीममध्ये हवा फार कमी. खाणाऱ्याला त्याचं कौतुक, पण चमचा ज्याच्या हातात आहे त्याला विचारा. कमी हवेचं, घट्ट, वर तुकड्यांनी भरलेलं आईस्क्रीम दिवसभर खरवडून काढणं म्हणजे मनगटाची परीक्षा. त्यात एखादं टोळकं दुकानात येतं आणि 'व्हरमाँस्टर' मागवतं. हे एक बादलीभर प्रकरण आहे. वीस गोळे, चार केळी, गरम चॉकलेट, कुकी, ब्राउनी, अक्रोड आणि वर फेटलेली साय. उष्मांक चौदा हजारांच्या घरात, म्हणजे एका माणसाचं आठवड्याभराचं जेवण. खायला चौघे-पाचजण असले तरी वीस गोळे भरणारा हात एकच.

कारखान्यातल्या गोष्टी झाल्या, आता कारखान्यामागच्या टेकडीवर चला. तिथे पांढऱ्या कुंपणात एक दफनभूमी आहे. ग्रॅनाइटच्या शिळा, प्रत्येकीवर नाव, जन्माचं साल, मृत्यूचं साल आणि चार ओळींचा यमकदार मृत्युलेख. आत कुणी माणूस नाही. बंद पडलेले स्वाद इथे पुरलेले आहेत. 1997 च्या हॅलोविनला ही जागा सुरू झाली तेव्हा चार थडगी होती, आता तीसहून जास्त. एक आहे डॅस्टर्डली मॅशचं. चॉकलेट, बदाम, पेकान आणि मनुका. याच्या मरणाचा ठपका मृत्युलेखात मनुकांवर ठेवला आहे. दुसरं इथन ॲलमंड. व्हरमाँटचा स्वातंत्र्ययुद्धातला वीर इथन ॲलन, त्याच्या नावावर केलेली कोटी. आणि एक इकॉनॉमिक क्रंच. ऑक्टोबर 1987 मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला तेव्हा कंपनीची गाडी वॉल स्ट्रीटवर गेली आणि पैसे बुडालेल्यांना हे आईस्क्रीम फुकट वाटलं. बुडालेल्या माणसाला त्या घडीला आईस्क्रीम किती गोड लागलं असेल, याबद्दल मला शंका आहे.

आपल्याकडे एखादं उत्पादन चाललं नाही तर कंपनी ते गुपचूप बाजारातून काढून घेते आणि विचारलं तर 'स्टॉक नाही' म्हणते. इथे अपयशाला अंगण दिलं, कुंपण घातलं आणि ते दाखवायला माणूस ठेवला. मला हा धंदेवाईक चतुरपणा वाटतो, पण त्याच्याबरोबर मोकळेपणाही आहे, हे नाकारता येत नाही. शेजारीच बॅरी नावाचं गाव आहे. तिथे ग्रॅनाइटच्या खाणी आहेत आणि खऱ्या थडग्यांच्या शिळा घडवण्यात त्या गावाचं नाव मोठं. तेव्हा दगडाची भाषा या मुलखाला नवी नाही. लोक टेकडीवर येतात आणि आपल्या आवडत्या, बंद झालेल्या स्वादापाशी फोटो काढतात. काही जण खरोखर हळहळतात. 'हा परत आणा' अशी मागणी करतात आणि क्वचित एखादा स्वाद थडग्यातून उठून दुकानात येतोही. असं भाग्य माणसांच्या वाट्याला नाही.

बिघडलेल्या मालाचं काय होतं, हा मुलांचा लाडका प्रश्न. त्याचं उत्तर पूर्वी गाईडला फार आवडायचं. कारखान्याचा वाया जाणारा मलईदार माल जवळच्या डुकरांच्या गोठ्यात जाई. डुकरांना सगळे स्वाद चालत, फक्त पुदिना आणि ओरिओ बिस्किटांचा तेवढा नको असे, अशी तिथली सांगीवांगी गोष्ट आहे. खरी-खोटी डुकरंच जाणोत.

पण सगळा दिवस विनोदाचा नसतो. 2000 साली युनिलिव्हर या मोठ्या कंपनीने बेन अँड जेरीज 32 कोटी 60 लाख डॉलरना विकत घेतली. त्यापूर्वी अनेक वर्षं तिथे नियम होता की सर्वांत मोठा पगार सर्वांत लहान पगाराच्या पाचपटीहून जास्त असू नये. तो नियम विक्रीच्या आधीच, नव्वदच्या दशकात सुटला, कारण त्या पगारात मुख्य अधिकारी मिळेना. 2023 मध्ये बर्लिंग्टनच्या दुकानात कोन भरणाऱ्या तरुण मुलामुलींनी आपली संघटना केली. कंपनीने आडकाठी केली नाही, हेही सांगितलं पाहिजे. जगभरच्या न्यायाबद्दल डब्यावर छापणाऱ्या कंपनीला तशी आडकाठी शोभलीही नसती. मला त्या मुलांचं कौतुक वाटतं. हसतमुख राहणं हे काम आहे, आणि कामाच्या अटी कागदावर असाव्यात.

गाईडला रोज विचारला जाणारा सर्वांत जुना प्रश्न मात्र वेगळाच, 'बेन आणि जेरी इथे भेटतात का?' सप्टेंबर 2025 मध्ये जेरीने कंपनीशी असलेलं सत्तेचाळीस वर्षांचं नातं तोडलं. सामाजिक प्रश्नांवर बोलायचं स्वातंत्र्य आता उरलं नाही, असं त्याचं म्हणणं होतं. एवढं मोठं प्रकरण अर्ध्या तासाच्या दौऱ्यात, दोन विनोदांच्या मधोमध कसं सांगायचं, हे त्या विशीतल्या मुलाला किंवा मुलीला जागच्या जागी ठरवावं लागत असणार. माझा अंदाज असा की पाहुणे ते ऐकून घेतात, मान हलवतात आणि विचारतात, आज चाखायला कुठला स्वाद आहे?