मोटारीचा साक्षीदार



"गाडी पूर्वीसारखें ॲव्हरेज देत नाहीं," ही तक्रार मोटार बाळगणाऱ्या घरांतून वरचेवर ऐकूं येते. अशांतच एके दिवशीं चालकासमोरच्या फलकावर यंत्राच्या आकृतीचा पिवळा दिवा लागतो. गाडी गॅरेजांत जाते, मिस्त्री स्कॅनर जोडतो आणि निदान सांगतो, "ऑक्सिजन सेन्सर गेला, नवा घाला." कांहीं हजार रुपये खर्च होतात, दिवा विझतो आणि पंधरवड्यानें पुनः लागतो. पेट्रोलचा खर्च मात्र होता तेवढाच राहतो. असें कां व्हावें, याचा विचार आज आपण करूं.

पेट्रोल जळावयास हवा लागते, हें सर्वांस ठाऊक आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा मिळाली, म्हणजे दोहोंचा मेळ बरोबर बसतो. हवा कमी पडली कीं पेट्रोल अर्धवट जळतें. अशा मिश्रणास मिस्त्री 'रिच' म्हणतात. हवा अधिक झाली तर तें 'लीन'. हा मेळ क्षणोक्षणीं राखण्यासाठीं धुराच्या नळींत एक लहानसें साधन बसविलेलें असतें, तोच ऑक्सिजन सेन्सर. त्याच्या आंत झिर्कोनिया नांवाच्या चिनीमातीसारख्या पदार्थाची टोपी असते व तिच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका अंगास बाहेरची हवा, दुसऱ्या अंगास धूर. टोपी सुमारें ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापली, म्हणजे दोन्हीकडील प्राणवायूंतील तफावतीमुळें तींत सूक्ष्म वीजदाब उत्पन्न होतो. धुरांत प्राणवायु उरलेला नसेल तर हा दाब सुमारें ०.९ व्होल्ट, आणि भरपूर उरला असेल तर सुमारें ०.१ व्होल्ट. तो वाचून गाडींतील संगणक पेट्रोल कमीअधिक करतो.

या क्रियेमागचें गणित वाल्टर नर्न्स्ट या जर्मन शास्त्रज्ञानें १८८९ सालीं मांडलें. त्यावर आधारलेला बॉश कंपनीचा सेन्सर १९७६ मध्यें व्होल्वोच्या मोटारींत प्रथम बसविला गेला. पेट्रोलमधील शिसें या साधनाचें व धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचें हाडवैरी. म्हणून १९९५ सालीं आपल्या चार महानगरांत नव्या मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेव्हां शिसेंविरहित पेट्रोलही त्याबरोबरच आणावें लागलें. २००० सालीं तें देशभर झालें.

आतां मुख्य मुद्दा. सेन्सर हा साक्षीदार आहे. प्रत्येक वेळीं तोच आरोपी असतो असें नाहीं. स्कॅनरवर 'पी ०१७१' हा संकेत आला, तर त्याचा अर्थ इतकाच कीं मिश्रण लीन दिसत आहे. इंजिनाच्या हवेच्या मार्गावर एखादी रबरी नळी तडकली असेल, पेट्रोलचा पंप थकला असेल, अथवा सेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीस भोंक पडून बाहेरची हवा आंत शिरत असेल. या शेवटच्या प्रकारांत साक्षीदार खरें तेंच सांगतो, पण त्याच्यापुढें आलेला पुरावाच खोटा असतो. संगणक त्यावर विश्वास ठेवून अधिक पेट्रोल सोडूं लागतो आणि खर्च वाढतो. नवा सेन्सर घातला तरी तोही तीच साक्ष देणार! याउलट 'पी ०१३५' हा संकेत सेन्सर तापविणाऱ्या तारेच्या मंडलाचा आहे. तेथें सेन्सरवर, त्याच्या तारांवर वा फ्यूजवर संशय घेणें रास्त आहे. बंद पडवींत उभ्या असलेल्या गाडीच्या तारा उंदरांनीं कुरतडल्या, हें कारणही आपल्याकडे विरळा नाहीं.

तेव्हां पहिली पायरी म्हणजे खर्च खरोखर वाढला आहे काय, हें मोजून पाहणें. टांकी पूर्ण भरावी, आंकडा टिपावा, तीनचारशें किलोमीटर चालवून त्याच पंपावर पुनः पूर्ण भरावी व भागाकार करावा. धाराशिवकरांनीं येथें एक गोष्ट ध्यानीं ठेवावी. आपण बालाघाटाच्या पठारावर राहतों. तुळजापूरचा घाट उतरून सोलापुरास जातांना गाडी काटकसरी वाटते व परततांना उधळी वाटते. म्हणून जाण्यायेण्याची बेरीज धरल्यावांचून निर्णय करूं नये. चाकांतील हवा आणि घासणारे ब्रेक हेही याच वेळीं पाहून घ्यावे.

दुसरी गोष्ट इंधनाची. हल्लीं पेट्रोलमध्यें २० टक्के इथेनॉल मिसळलेलें असतें. उसाशीं नातें असलेलें हें इंधन आपल्या जिल्ह्यास परकें नाहीं. परंतु एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलपेक्षां सुमारें एकतृतीयांश शक्ति कमी असते. म्हणून शुद्ध पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर जाणारी गाडी या मिश्रणावर १४ च्या आसपास आली, तर तो सेन्सरचा दोष नव्हे. ती ११ वर आली, तर मात्र रोग शोधलाच पाहिजे.

तो शोधतांना मिस्त्रीस 'फ्युएल ट्रिम' दाखविण्यास सांगावें. ठरल्यापेक्षां किती टक्के पेट्रोल संगणक अधिक अथवा उणें सोडीत आहे, हें त्यावरून कळतें. हा आंकडा सतत अधिक दहाच्या वर असेल व इंजिनाचे फेरे वाढवितांच उतरत असेल, तर कोठें तरी हवा गळत आहे. भार पडल्यावर वाढत असेल, तर पेट्रोलचा पुरवठा अपुरा आहे. तो उणें दहाच्याही खालीं असेल, तर गळका इंजेक्टर वा पेट्रोलचा वाजवीपेक्षां अधिक दाब पाहावा. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, तर इंजिन थंडच राहतें आणि संगणक त्यास थंडींतला वाढीव खुराक देत राहतो. तापमानाच्या आंकड्यावरून हें चटकन उमगतें.

एवढें झाल्यावर साक्षीदाराची उलटतपासणी घ्यावी. इंजिन चांगलें तापवून पुढच्या सेन्सरचा वीजदाब पाहावा. जुन्या धर्तीच्या धडधाकट सेन्सरांत तो ०.१ व ०.९ व्होल्ट यांमध्यें भरभर हेलकावे खातो. हवेची एक नळी क्षणभर काढली असतां तो खालीं यावा, आणि ॲक्सिलरेटर झटक्यानें दाबतांच वर जावा. आंकडा एका जागीं खिळून राहिला अथवा आळसानें हलला, तर प्रथम तारा व जोड तपासावे. ते निर्दोष असतील, तर सेन्सर खुशाल बदलावा. कन्व्हर्टरच्या पलीकडचा दुसरा सेन्सर मात्र स्थिर असणें हेंच आरोग्याचें लक्षण होय. कित्येक नव्या गाड्यांतील पुढचा सेन्सर निराळ्या जातीचा असतो. त्याचे आंकडे असे हेलकावत नाहींत व ते त्या गाडीच्या पुस्तिकेशींच ताडून पाहावे लागतात.

कोणी म्हणेल, एवढी चिकित्सा कशास? दिवा जळूं द्यावा आणि गाडी चालवावी. पण अर्धवट जळलेलें पेट्रोल कन्व्हर्टरांत जाऊन पेटतें, त्याची नाजुक जाळी वितळते आणि सेन्सरच्या कित्येक पट खर्च उभा राहतो. शिवाय त्या धुरांतील विषारी कार्बन मोनॉक्साइड, शाळा सुटल्यावर रस्त्यावर येणाऱ्या मुलांच्याच श्वासांत जातो. तेव्हां दिव्याकडे डोळेझांक करणें जितकें अयोग्य, तितकेंच तो दिसतांच सुटा भाग विकत घेणेंही. गॅरेजांत गेल्यावर "कोणता भाग बदलूं?" असें न विचारतां "हा भाग बिघडला हें कशावरून?" असें विचारावें. जाणत्या मिस्त्रीस या प्रश्नाचा राग येत नाहीं. तो स्कॅनरचा आंकडा आपल्यापुढें धरतो. आणि ज्याच्यापाशीं या प्रश्नास उत्तर नाहीं, त्याच्याकडून नवा सेन्सर घेण्याची घाई आपण करूं नये.