प्रकल्पाला गिऱ्हाईक हवे



प्रकल्पाधारित शिक्षण हवे की नको, यावर मालवणात जमून वाद घालण्यात अर्थ नाही. कागदावर तो निर्णय केव्हाच झाला आहे. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षापासून मिनी प्रोजेक्ट आले. २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाला, तेव्हापासून मानांकनाच्या फायलीत डिझाइन आणि सांघिक कामाचे रकाने भरणे आलेच. तरीही तयार मॉडेल विकत आणायचे, अहवालाचे ब्लॅक बुक बांधून घ्यायचे आणि तोंडी परीक्षेत एकाने बोलायचे, बाकीच्यांनी मान डोलवायची, हा प्रकार मेकॅनिकल इंजिनीअरिंग शिकवणाऱ्या आपल्यापैकी कुणाला नवा नाही. दोष विद्यार्थ्यांच्या आळसात शोधणे सोपे आहे, पण तो प्रकल्पाच्या जातीत आहे. ज्या यंत्रावाचून कुणाचे अडत नाही, त्याची चाचणी कुणी मन लावून घेत नाही.

म्हणून प्रकल्पाला खरे गिऱ्हाईक हवे, आणि सिंधुदुर्गात ते शोधायला लांब जावे लागत नाही. काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना घ्या. बी वाफवतात, वाळवतात आणि हात-पायांनी चालणाऱ्या कटरवर एकेक बी फोडतात. टरफलातले तेल कातडी भाजते, म्हणून बायका हाताला राख किंवा तेल लावून बसतात. अख्ख्या गराला जो भाव मिळतो तो तुकड्याला मिळत नाही. कारखान्याचे सगळे गणित त्या फरकावर. आता दुसऱ्या वर्षाच्या गटाला एवढेच विचारा: वाफेचा दाब, वाफवण्याचा वेळ, बीचा आकार आणि पात्यांमधले अंतर यांतले काय बदलले की अख्खे गर वाढतात? या एका प्रश्नात थर्मोडायनॅमिक्स येते, मोजमाप येते, कटरची लिंकेज येते आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने विकसित केलेल्या जातींच्या बीचा आकारही येतो. उत्तर चुकले तर ते परीक्षकाच्या आधी कारखानदाराच्या लक्षात येते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेतला गंज हाही असाच विषय. इथल्या मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. त्यानंतर गंजलेल्या नट-बोल्टची चर्चा राज्यभर झाली. त्याच हवेत नमुने टांगून दर महिन्याला त्यांचे वजन करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही, चांगला तराजू आणि चिकाटी लागते.

आक्षेप आहेत, आणि पहिला वजनदार आहे: यात सिद्धान्त कच्चा राहील. अभियांत्रिकीचे प्राध्यापक मायकेल प्रिन्स यांनी २००४ मध्ये या प्रकारच्या अध्यापनावरचे संशोधन तपासले, तेव्हा परीक्षेतले गुण वाढतील अशी हमी त्यांना देता आली नाही. शिकलेले जास्त काळ टिकते, याला मात्र आधार मिळाला. म्हणजे व्याख्याने बंद करून नुसते प्रकल्प करा, असे मी म्हणणार नाही. डेन्मार्कचे आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ पासून प्रकल्पांवर उभे आहे, पण तिथेही अभ्यासक्रमाची व्याख्याने चालूच असतात. दुसरा आक्षेप असा की मुले नोकरीला पुण्याला जाणार, त्यांना काजूचे काय? चाकणच्या कारखान्यात काजू नसेल, पण नाकारल्या जाणाऱ्या मालाचे प्रमाण का वाढले हे मोजून शोधायची रीत तीच. तिसरा पैशाचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळसारख्या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम काढला, गावाची कामे हाच अभ्यासक्रम केला. पुढे २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या साहाय्याने फॅब लॅब आली ती त्याच गावात. आधी काम आले, मग उपकरणे. आपण नेमके उलटे करतो आणि निधीची वाट पाहत बसतो. खरी अडचण शिक्षकाच्या वेळेची आहे. कारखान्यात घालवलेली दुपार अध्यापनाच्या तासांत धरली जात नाही, तोवर हे सगळे उत्साही दोघा-तिघांच्या खांद्यावरच राहील.

म्हणून प्राचार्यांना आणि विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला माझी विनंती आहे: ती दुपार वर्कलोडमध्ये धरा, आणि गुण देताना चाललेल्या मॉडेलइतकेच फसलेल्या चाचणीच्या प्रामाणिक नोंदींनाही द्या.