सर्टिफिकेट नवं, पण साइटवर जुनंच!

मी जळगावहून बोलतोय. जळगाव-धुळ्यातल्या दुकानदारांच्या वेबसाइट सांभाळणं हे माझं काम. आज माझीच एक चूक सांगतो.

आखाजीचा दिवस होता. त्या दिवशी सोनं घ्यायची आपल्याकडे रीत. सकाळी आठला एका सराफ शेठजींचा फोन आला, "भाऊ, साइट उघडली की धोक्याचा इशारा येतोय. गिऱ्हाईक विचारतंय, साइट खोटी आहे का?"

साइटचं सर्टिफिकेट संपलं होतं. सर्टिफिकेट म्हणजे साइटचं ओळखपत्र. मुदत संपली की ब्राउझर गिऱ्हाइकाला दारातच अडवतो.

मला पटेना. लेट्स एन्क्रिप्टचं मोफत, ९० दिवसांचं सर्टिफिकेट, आणि ऑटो-रिन्यू चालू! सर्व्हरवर पाहिलं, तर नवं सर्टिफिकेट महिन्याभरापूर्वीच येऊन पडलेलं. पण एन्जिनएक्स रीलोड झालंच नव्हतं, म्हणून साइट जुनंच दाखवत होती. एक कमांड दिली आणि साइट सुरू.

तोवर शेठजींनी ग्रुपवर मेसेज टाकला होता, "ॲडव्हान्स्ड दाबा आणि पुढे जा." मला हे जास्त लागलं. इशारा झुगारायची सवय आपणच लावली, तर उद्या खरोखरच्या खोट्या साइटवरही गिऱ्हाईक तेच करणार ना? शेठजींना सांगून तो मेसेज काढायला लावला.

दुपारी बाकीच्या साइट तपासल्या. धुळ्याच्या एका पंपवाल्या काकांचं सर्टिफिकेट नऊ दिवसांत संपणार होतं. कारण तेच, रीलोड नाही.

मोठ्यांचंही असं होतं बरं का. ६ डिसेंबर २०१८ ला एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमध्ये ओटूच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट बंद पडलं.

आणि मुदत आता कमी होत चाललीय. आधी सर्टिफिकेट जास्तीत जास्त ३९८ दिवसांचं मिळायचं. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, मार्च २०२७ पासून १००, आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७! लेट्स एन्क्रिप्टनं मुदत संपत आल्याचे ईमेलही जून २०२५ मध्ये बंद केले. म्हणजे वहीत तारीख लिहून ठेवायचे दिवस गेले.

आता मी तीन गोष्टी करतो. एक, प्रत्येक साइटला ऑटो-रिन्यू. दोन, रिन्यू झालं की सर्व्हर आपोआप रीलोड होईल असा डिप्लॉय हूक. आणि तीन, सगळ्यात महत्त्वाची : रोज बाहेरून तपासणी. सर्व्हरवरची फाइल बघायची नाही. गिऱ्हाइकाच्या मोबाइलला जे सर्टिफिकेट दिसतं, त्याची तारीख बघायची. २० दिवसांपेक्षा कमी उरले, की मला आणि दुकानदाराला, दोघांनाही मेसेज जातो.

तुमच्या घरच्या दुकानाची साइट असेल, तर आजच ती मोबाइलवर उघडा. ॲड्रेस बारमधल्या चिन्हावर टॅप करून सर्टिफिकेटची तारीख बघा. आणि ते रिन्यू कोण करतं, हेही घरात विचारा. कुणालाच सांगता आलं नाही, तर ते काम आजपासून तुमचं.

चला, भेटू पुढच्या भागात!