किडकिडीत रोपे आणि दिव्याचा उजेड



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो पगार, महागाई-भत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही रोपांवर बोलणार आहोत. पण विषय अगदीच परका आहे असे मात्र समजू नका. दोहोंचा संबंध कोठे येतो ते शेवटी सांगू.

मृगाच्या पावसावर मिरची, वांगी, टोमॅटो लावावयाचे तर बी आताच पेरावयास हवे. टोमॅटोच्या रोपाला पंचवीस-तीस दिवस लागतात, वांग्या-मिरचीला पस्तीस ते पंचेचाळीस. पूर्वी हे काम अंगणात, आंब्याच्या किंवा लिंबाच्या विरळ सावलीत, गादीवाफ्यावर होत असे. आता आपल्या कळमनुरीतही पुष्कळांच्या घराला अंगण उरलेले नाही. शिवाय वैशाखाचे ऊन असे की कोवळा अंकुर दुपारपर्यंत टिकू नये. म्हणून आपण बी डब्यात, तबकात पेरतो आणि घरात ठेवतो. चार-सहा दिवसांत ते उगवते, सगळ्यांना आनंद होतो. आणखी आठ दिवसांनी पाहावे तर रोप वीतभर लांब, दोऱ्यासारखे बारीक, वर दोन फिकट पाने, आणि सगळा भार खिडकीकडे झुकलेला. पाणी घालताना ते आडवे होते ते पुन्हा उठत नाही.

हे दृश्य आपणांस नवे नाही. दर नवरात्रात आपण ते पाहतो आणि त्याला नमस्कार करतो. घटाभोवती शेतातली माती पसरून धान्य पेरलेले असते. देवघर अंधारे, उजेड काय तो नंदादीपाचा. नऊ दिवसांत ते धान्य केवढे वाढते! पिवळसर, लांबट, नाजूक. दसऱ्याला आपण तेच तुरे टोपीत खोवतो. पण त्या घटाला कणसे लागलेली कोणी पाहिली आहेत काय? ती वाढ खरी असली तरी ती उजेडाच्या शोधाची वाढ आहे. बियाने जवळ बांधून आणलेली शिदोरी संपली की ती थांबते.

रोप असे का करते? जमिनीखाली रुजलेल्या बीला अंधारातून लवकर वर यावे लागते. म्हणून अंधार असेतोवर सगळे बळ उंचीत घालावयाचे, पाने आणि खोड मागाहून पाहावयाचे, असा तिचा स्वभाव. उजेड लागला की उंची आवरते, खोड जाड होते, पाने हिरवी होतात. घरातल्या अपुऱ्या उजेडात रोपाला वाटते की आपण अजून मातीतच आहोत; ते पळतच राहते.

चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने आपल्या मुलाच्या साहाय्याने गवताच्या अंकुरांवर प्रयोग केले आणि १८८० साली ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. अंकुराच्या शेंड्यावर टोपी घातली तर तो उजेडाकडे वळत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे उजेड कळतो शेंड्याला आणि वाकते खालचे अंग. पुढे १९२० नंतरच्या दशकात हॉलंडमधील वेंट यांनी दाखविले की शेंड्यातून एक द्रव्य खाली उतरते व ते वाढ घडविते. त्याला ऑक्सिन म्हणतात. ते सावलीच्या बाजूस अधिक जमते, ती बाजू अधिक वाढते आणि रोप उजेडाकडे वाकते. तिसरी गोष्ट अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथल्या बॉर्थविक आणि हेंड्रिक्स यांच्या मंडळींची. त्यांनी १९५२ साली सॅलडच्या पाल्याच्या बियांवर प्रयोग करून दाखविले की तांबड्या उजेडाने बी रुजते आणि त्याच्या पलीकडच्या अतितांबड्या उजेडाने ते रुजणे थांबते. रोपाचेही तसेच आहे. हिरवे पान तांबडा उजेड शोषते आणि अतितांबडा बहुतांशी सोडून देते. त्यामुळे शेजारी दाटी झाली हे रोपाला उजेडाच्या रंगावरून कळते, आणि ते शेजाऱ्याच्या वर जाण्यासाठी लांबू लागते. दाट पेरलेला डबा उन्हात ठेवला तरी रोपे किडकिडीत का होतात, याचे उत्तर येथे आहे.

आता उपाय. पहिला उपाय अर्थात सूर्य. तो आपल्याकडे फुकट आणि भरपूर आहे. पण तो घरात येत नसेल, तर दिवा चालतो. महाग जांभळा दिवाच हवा असे नाही. पांढऱ्या उजेडाची साधी एलईडी नळी पुरते. तारेचा जुना पिवळा बल्ब मात्र नको, कारण त्यात उष्णता फार आणि कामाचा उजेड थोडा.

खरी मेख अंतरात आहे. छताला लावलेली नळी आपणांस वाचावयास पुरते, रोपाला नाही. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झाले तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून नळी रोपांच्या शेंड्यापासून चार-सहा बोटांवर टांगावी आणि रोपे वाढतील तशी वर घ्यावी. दोन खिळे आणि सुतळी, एवढेच साहित्य. विजेची वायर मात्र पाण्यापासून दूर ठेवावी. बी उगवून वर दिसले त्याच दिवशी दिवा लावावा. आठ दिवसांनी सुचून उपयोग नाही. वीस वॉटची नळी रोज सोळा तास जळाली तर तीन दिवसांत सुमारे एक युनिट, म्हणजे महिन्याला दहा युनिटे होतात.

बरोबरीने आणखी काही करावे. रोपे विरळ करावीत. एका खळग्यात एकच ठेवावे, दुसरे कात्रीने कापावे. उपटले तर शेजाऱ्याची मुळे हलतात. माती वरून सुकली की मगच पाणी द्यावे; सतत ओल राहिली तर खोड मातीलगत कुजते आणि रोप कोलमडते. किडकिडीत रोपाला दया येऊन युरिया घालू नये, त्याने ते आणखी मऊ होते. रोज दोन-चार वेळा शेंड्यांवरून हलका हात फिरवावा किंवा थोडा वेळ पंख्याचा मंद वारा लागू द्यावा. हालचाल सोसणाऱ्या रोपाचे खोड आखूड आणि जाड होते.

लांबलेले रोप पुन्हा आखूड होत नाही. पण टोमॅटो मोठा समजूतदार. त्याचे खोड खालच्या पानांपर्यंत मातीत गाडले तर त्या खोडालाच मुळे फुटतात आणि त्याचे वैगुण्यच त्याचे बळ होते. मिरची-वांग्याला पहिल्या दोन पानांच्या जरा खालपर्यंत माती चढवावी, काडीचा आधार द्यावा. फारच गेलेली असतील तर मन घट्ट करून पुन्हा पेरावे.

आता आमच्या फजितीची हकिकत. एका वर्षी आम्ही युनियनच्या कचेरीत रोपे केली. सभासदांच्या घरी पाच-पाच रोपे द्यावीत, चार महिने भाजीचा खर्च वाचावा, हा हेतू. दिव्याखाली रोपे उत्तम झाली. आम्ही मोठ्या अभिमानाने ती सकाळी अकरा वाजता उन्हात मांडली आणि सभेला निघून गेलो. संध्याकाळी परतलो तो सगळी पाने पांढरी पडून करपलेली. बायामाणसे पिशव्या घेऊन आली होती. त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवावे लागले. एक वयस्क हमाल तेवढे म्हणाला, “साहेब, नव्या गड्याच्या पाठीवर पहिल्याच दिवशी क्विंटलाचं पोतं देत नसतात.” पुस्तकातले आम्हांस ठाऊक होते, हे त्याला पाठीने ठाऊक होते. तेव्हापासून आम्ही पहिल्या दिवशी सकाळचे अर्धा तास कोवळे ऊन देतो, रोज थोडे वाढवितो, आणि आठ-दहा दिवसांनीच रोपे बाहेर ठेवतो.

राहिला तो आरंभी सांगितलेला संबंध. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की यंत्र थांबत असे; आता ते थांबेना. १९०५ च्या सुमारास कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. कामगार चिडून उठले, चौकशी झाली, आणि १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील पुरुषांच्या कामावर बारा तासांची मर्यादा आली. आठवड्याला ४८ तास पदरात पडावयास १९४६ ची फॅक्टरी कायद्यातील दुरुस्ती यावी लागली. रविवारच्या सुटीसाठी तर नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून झगडावे लागले. ती मिळाली १८९० साली.

रोपाचेही असेच आहे. सोळा तासांनी बरे वाटले म्हणून कोणी चोवीस तास दिवा ठेवील, तर टोमॅटोची पाने पिवळी पडू लागतात. त्याला रोज काही तास अंधार हवाच. रात्री दिवा मालवण्यास विसरू नका. दिव्याने दिवस वाढविता येतो. पण तो किती वाढवावा हे दिव्याच्या मालकाने नव्हे, खाली उभा असणाऱ्याने ठरवावयाचे असते.

आणि किडकिडीत रोप दिसले तर त्याला नावे ठेवू नका. दिवा किती उंच टांगला आहे, ते आधी पाहा.